दोनचा पिक्चर

सेल अजून कोमट होते. खिडकीच्या गजांजवळ, जिथे दहापासून एकपर्यंत ऊन हलत नाही, तिथे सुकीने ते आल्या आल्याच ठेवले होते — दोन पेन्सिल सेल, एकाचा निळा कागद सोललेला — आणि आता तळहातावर घेतल्यावर ते मघाशीच उकडून काढलेल्या करांद्याच्या कंदांसारखे लागले. संपलेल्या सेलमध्ये उन्हाने दिवसापुरता जीव येतो, हे तिला अहिल्याबाईंनीच शिकवले होते. बाईंना सगळे आठवत होते त्या दिवसांत. नवे सेल आणायचे बाईंची सून श्रुतिकाताई रोज ठरवत आणि रोज विसरत, आणि सुकी मुद्दाम आठवण करून देत नसे. रिमोटच्या पाठीत सेल बसवायचे, अंगठ्याने एकदा गोल फिरवायचे, बटण दाबून श्वास धरायचा... पडदा उजळला की वाटायचे, पिक्चर टीव्हीने नाही, आपण लावला. दोनला दहा कमी होती. दोनला जुना पिक्चर लागतो.

"लागला का गं?" पलंगावरून बाईंनी विचारले.

"दहा मिनिटं आहेत, बाई."

"मग माझा चष्मा दे."

"डोळ्यांवरच आहे तुमच्या."

बाईंनी हात लावून पाहिला आणि हसल्या, वर्गात एखाद्या मुलीने बरोबर उत्तर दिल्यावर हसत असतील तशा. डहाणूत तीस वर्षे मास्तरीण होत्या त्या. आता मुलाचे नाव दोनदा विचारतात, जेवल्या की नाही ते विचारतात. दोनचा पिक्चर मात्र विसरत नाहीत.

नाव आलंय.

हे दोन शब्द सकाळी सहापासून सुकीच्या आत नुसते पडून होते, बोरिंगवरून आणलेला हंडा कोपऱ्यात ठेवावा तसे. ती आशागडच्या पाड्यावर, माहेरी, बोरिंगच्या रांगेत असतानाच दिराचा फोन आला होता. चैत्या ओरडतच होता — "वहिनी, यादीत हाल्याचं नाव आलंय! उधव्याचे दोघं जण, त्यात आपला हाल्या!" ती म्हणाली, बरं. "बरं काय? ऐकलंस ना? सुटला तो! चार-पाच दिवसांत सगळ्यांना बडोद्यापर्यंत आणतायत. मी जातो घ्यायला. तू पण चल." ती म्हणाली, ऐकलं. मग तिने हंडा भरला, डोक्यावर घेतला, घरी आणला, भाकऱ्या केल्या, रिक्षात बसून डहाणूला आली, बाईंना अंघोळ घातली, त्यांची नखे कापली, वरणभात भरवला, आणि या सगळ्यात कोणाला काही सांगितले नाही. पिक्चरमध्ये अशी बातमी येते तेव्हा बाईच्या हातातली थाळी पडते. गोल गोल फिरत राहते ती थाळी जमिनीवर... माझ्या हातून काहीच पडलं नाही. एक थेंबसुद्धा नाही.

दोन हजार पंधराच्या गणपतीनंतर तिचा नवरा हाल्या ओख्याला बोटीवर गेला होता. तलासरीकडची निम्मी माणसे जातात. गणपती झाले की निघायचे आणि पावसाच्या आधी परतायचे, तोवर पाड्यांवर बायका, म्हातारी आणि पोरे. पाण्यावर सरहद्दीची रेघ कुठे असते? बोट रेघेपलीकडे गेली आणि सगळे खलाशी तिकडच्या जेलात. रूपी तेव्हा पाच वर्षांची होती. सुकी तिला घेऊन उधव्याहून, सासरहून, आशागडला आईकडे आली, आणि दोन महिन्यांनी या घरात लागली — सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, बाईंना सांभाळायचे. बाईंचा मुलगा रेल्वेत, सुरतेला. आठ दिवसांनी येतो. श्रुतिकाताई बँकेत.

पहिले काही दिवस ती दुपारी टीव्हीकडे पाठ करून बसे, मेथी निवडत. बाई तेव्हा बऱ्या होत्या. म्हणाल्या, "वर बघ की गं. भाजी पळून जात नाही." तिने वर पाहिले. काळापांढरा पिक्चर होता. एक माणूस एका घराच्या दारात उभा होता, आणि दार उघडे असूनही आत शिरत नव्हता. त्याने कडी वाजवली. घसा खाकरला. आत बाई होती, तिने केसांवर पदर घेतला आणि म्हणाली, या ना — तेव्हा तो आत आला, तोही चपला काढून, आणि तिच्यापासून दोन हातांवर बसला. सुकीच्या हातातली मेथी तशीच राहिली. घरात शिरण्याआधी विचारणारा पुरुष तिने तोवर कधी पाहिला नव्हता. ओरडणे नाही, ओढाताण नाही. प्रेम आहे हे सांगायलासुद्धा त्या माणसाने अख्खी दुपार घेतली, आणि शेवटी सांगितलेच नाही, नुसता टेबलावर विसरलेला रुमाल घ्यायला परत आला. हसू आले होते तिला. आणि मग, बाईंना चहा करताना, ओट्यापाशी उभ्या उभ्या रडू आले होते. कशाचे ते तिला कळले नव्हते.

तेव्हापासून रोज. उन्हाळा, पाऊस, बाईंची बिघडत जाणारी स्मरणशक्ती, आणि गेल्या नोव्हेंबरपासून जमिनीला बसणारे धक्के — या सगळ्यांत दोनचा पिक्चर चुकला नाही. आणि या चार वर्षांत, कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही, हाल्या दाराबाहेर उभा राहून कडी वाजवू लागला.

संगीत सुरू झाले. बाई उशीला टेकून ताठ बसल्या. आजचा सुकीने दोनदा पाहिलेला होता: पुलाच्या मोजणीला आलेला ओव्हरसियर आणि पोस्टमास्तरांची मुलगी. बाईंसाठी तो नेहमीसारखा नवाच होता.

"हा चांगला वाटतो गं मुलगा," बाई म्हणाल्या.

"चांगलाच आहे."

जेलातून एकच पत्र आले होते, दुसऱ्या वर्षी. हाल्याला लिहिता येत नाही. कोणा गुजराती खलाशाने हिंदीत लिहिलेले. बाईंनी याच पलंगावर बसून वाचून दाखवले होते. *मैं यहाँ ठीक हूँ. तुम्हारी बहुत याद आती है. चाँद को देखता हूँ तो लगता है तुम भी उसी को देख रही होगी.* बाईंचे डोळे भरले होते. पुढे तलासरीला तहसीलदार कचेरीत सगळ्या खलाशांच्या बायकांना बोलावले, तेव्हा बाहेर झाडाखाली बसून एकमेकींची पत्रे पाहिली गेली. सगळ्यांच्या पत्रात चंद्र होता. तेच वाक्य, तेच अक्षर. बायका पोट धरून हसल्या होत्या, एक म्हणाली, "अगं, माझ्या नवऱ्याला जाळं सोडून वर बघायचं माहीत नाही!" सुकीही हसली होती. पण पत्र तिने फाडले नाही, फेकले नाही, आणि पुढे पुढे तो चंद्र हाल्यानेच पाहिला असे तिच्या मनात घट्ट बसत गेले... खोटं होतं ते मला माहीत होतं. माहीत असून काय होतं? हे समोर चाललंय तेही खोटंच आहे, हेही मला माहीत आहे.

पडद्यावर पोस्टमास्तरांची मुलगी टेकडी उतरताना थांबली. पायात काटा. ओव्हरसियर चार पावले मागे होता. तो जवळ आला, पण वाकला नाही. आधी विचारले, काढू का? ती मान वळवून दरीकडे पाहत राहिली, आणि जरा वेळाने तिने पाऊल पुढे केले. त्याने गुडघ्यावर रुमाल पसरला. पाऊल रुमालावर घेतले. एवढेच.

हेच तिने रूपीला सांगितले होते. रूपी आता नऊ वर्षांची. उधव्याकडच्या आश्रमशाळेत असते, आणि धक्क्यांमुळे हल्ली सगळ्या मुलींबरोबर मैदानात तंबूत झोपते. एका दिवाळीला घरी आली तेव्हा म्हणाली, "आई, माझा बाबा कसा होता सांग." सुकी भाकरी थापत होती, आणि तोंडातून निघून गेले — तुझा बाबा ना, एकदा माझ्या पायात करवंदीचा काटा गेला, तर त्याने गुडघ्यावर रुमाल पसरला... रूपी ऐकत राहिली. मग आणखी सांगावे लागले. तो गाणे म्हणायचा. तो पावसात माझ्यासाठी थांबायचा, स्वतः भिजायचा. प्रत्येक सुट्टीला एक नवे. रूपीने शाळेत सगळ्या मुलींना सांगितले. मुली म्हणतात म्हणे, तुझ्या बाबासारखा बाबा आमच्या पाड्यावर एक पण नाही.

करवंदीचा काटा खरा होता. पाय सुजला होता, पू झाला होता. हाल्या अंगणात बसला होता, जाळे शिवत. "नाटकं नको," तो म्हणाला होता, "बाजाराला उशीर होतोय." आणि ती उधव्याच्या बाजारापर्यंत टाचेवर चालत गेली होती.

टीव्हीवरची फुलदाणी किणकिणली. खिडकीचे गज थरथरले, पलंग जरासा सरकल्यासारखा झाला, बाहेर कुत्री भुंकली, आणि थांबले. बारीक धक्का होता. सुकीने सवयीने बाईंच्या पायांवर हात ठेवला. बाईंना काही कळलेच नव्हते. पडद्यावर त्या मुलीचा हात भाजला होता — चुलीवरचे दूध उतू गेले, घाईत तिने भांडे धरले — आणि ओव्हरसियर तो हात पाण्यात धरून फुंकर घालत होता.

या जागी सुकी नेहमी आपले डावे मनगट पाहते. आतल्या बाजूला करंगळीएवढा गुळगुळीत डाग आहे. श्रुतिकाताईंनी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, भाकरी भाजताना भाजलं. डहाणूत सगळ्यांना हेच सांगितले होते. आणि हळूहळू या दुपारच्या अंधाऱ्या खोलीत त्याला पुढचे जोडले गेले होते: भाजले, ती ओरडली, आणि हाल्या धावत आला, कोयत्याने कोरफडीचे पान तोडून त्याचा गर लावला, फुंकर घातली. तिला ते दिसत असे. कोरफडीचा हिरवा चिकट वास येत असे.

आज आला तो वास निराळा होता.

मे महिना होता. हाल्या बोटीवरून आला त्याला दोन दिवस झाले होते. ती चुलीपुढे होती, रूपी तान्ही, झोळीत. तो दारातून आत आला — विचारून नाही, कशाला विचारेल — आणि समोर उकिडवा बसला. "आठ महिने कोणाकडे जात होतीस?" आवाज चढलेला नव्हता. तिने घरच्यांना, चैत्याला, आईला, स्वतःलासुद्धा सांगितले होते की प्यायला होता. तो प्यायला नव्हता. तोंडाला नुसता तंबाखूचा वास होता. ती म्हणाली, कोणाकडे जाऊ? त्याने तिचा हात धरला, ओढलासुद्धा नाही, आणि तव्यावरची भाकरी बाजूला करून, जणू दुसरी भाकरी घालावी तसे तिचे मनगट तव्यावर ठेवले. आणि धरून राहिला. तिच्याकडे पाहत राहिला. मग सोडले. ती भाकरी अर्धी कच्ची होती, ती त्याने पुन्हा तव्यावर टाकली, भाजली, आणि जेवला.

आणि तो नेहमीच तसा होता असेही नाही, हेच तर... त्याच वर्षी बोटीवर जायच्या आदल्या दिवशी त्याने एकट्याने घर शाकारले, निघताना झोळीत डोकावून म्हणाला, पोरीला बघ. ते खरे होते. ती दोन शब्दांची माया खरी होती, आणि तेवढ्याच धाग्यावर मी चार वर्षं एक अख्खा माणूस विणला. कधी? कोरफड कोणत्या दुपारी आली? माझंच मनगट होतं हे, आणि मीच त्याच्यावरून त्याचा हात काढून घेतला.

"सुके, रडतेस काय? येतो तो शेवटी," बाई म्हणाल्या. "बघ तू."

"नाही रडत, बाई."

नव्हतीच रडत. शेवट जवळ आला होता. पूल झाला, ओव्हरसियरची बदली झाली, वर्षे गेली, मुलीने आलेली स्थळे नाकारली, पोस्टात दुसऱ्यांची पत्रे वाटत राहिली. मग एका संध्याकाळी कडी वाजली. ती वळली. तो दारात, कानशिलावर थोडे पांढरे केस. संगीत वर चढले, अक्षरे आली.

"आला की नाही?" बाईंनी टाळीच वाजवली. "मी म्हटलं होतं!"

"बाई," सुकी म्हणाली, "मग पुढं काय होतं?"

"पुढं कशाचं?"

"तो आत आल्यावर."

"पुढं काही नसतं गं. संपला." आणि बाई जाहिराती पाहू लागल्या.

सुकी उठून पलंगाच्या कडेला बसली. असे ती कधी बसत नसे. सकाळपासून पहिल्यांदा तिने ते तोंडातून काढले. "बाई, हाल्या सुटला. माझा हाल्या. येतोय."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. चष्म्यामागे डोळे उत्सुक, आनंदी झाले होते.

"कुठल्या पिक्चरमधला गं?" त्यांनी विचारले.

सुकी उठली आणि चहा ठेवायला ओट्यापाशी गेली.

श्रुतिकाताई साडेपाचला आल्या. त्यांना बातमी बँकेतच कळली होती. कोणीतरी मोबाइलवर यादी पाठवली होती, त्यात उधवा वाचून त्यांनी नाव शोधले होते. पर्स सोफ्यावर टाकून त्यांनी सुकीला मिठीच मारली. "अगं, सकाळपासून सांगितलं नाहीस! बोलली का नाहीस तू?"

"कामात राहिलं, ताई."

"चार वर्षं थांबलीस तू त्याच्यासाठी. आजकाल कोण थांबतं गं असं? आई बघतात ना, अगदी तसल्या पिक्चरसारखं आहे हे." त्या कपाटाकडे गेल्या, फिकट गुलाबी साडी घेऊन आल्या, घडीही न मोडलेली. "बडोद्याला जाशील तेव्हा ही नेस. त्याला उतरल्या उतरल्या तू दिसली पाहिजेस."

त्या खरोखर रडत होत्या. सुकीला त्यांची दया आली. आठ दिवसांनी येणाऱ्या नवऱ्याच्या या घरात, त्या स्वतःच्याच कशासाठी तरी रडत असाव्यात. आणि त्यांना आत्ता तवा सांगितला तर? साडी परत घेतील? नाही, मिठी मारतील पुन्हा, पोलीस म्हणतील, संस्था म्हणतील. पण त्यांच्या तोंडावरचे हे आत्ताचे — हे विझेल. चार वर्षे हेच तर बाईंच्या तोंडावर पाहत आले मी. सुकीने साडी घेतली. पिशवीत ठेवली. "येते, ताई," म्हणाली.

आशागडची रिक्षा भरायची होती. मागच्या सीटवर एक म्हातारी रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. सुकी तिच्या शेजारी बसली तोच फोन वाजला. चैत्याचा नंबर, पण आवाज रूपीचा. काका शाळेत आला होता सांगायला.

"आई! बाबा येतोय!"

"हो गं."

"तो मला ओळखेल?"

"ओळखेल."

"मी मुलींना सांगितलं, तो आला की मैदानात गाणं म्हणून दाखवेल. म्हणेल ना?"

फोनमधून तंबूचे कापड फडफडल्याचा आवाज येत होता.

"आई, म्हणेल ना?"

"तू झोपताना स्वेटर घालतेस ना?" सुकी म्हणाली. "उघड्यावर गार असतं." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "रूपे, बाबा थकलेला असेल. लगेच काही मागू नको त्याच्याकडं."

चार वर्षे तोही भिंतीकडे पाहत बसला असेल. कोणी सांगावे, त्यानेही तिथे एक सुकी केली असेल — कधीच कोणाकडे न गेलेली, किंवा रोज कोणाकडे तरी जाणारी. यातली कोणती घेऊन तो उतरणार आहे? बदललाही असेल. माणसे बदलतात म्हणतात. तिने डोळे मिटले आणि दारात कडी वाजवणाऱ्याला हाक मारून पाहिली, रोज रिक्षात मारते तशी. तो आला नाही. जाळे शिवणारा आला. नखांत डांबर, कपाळावर आडवी शीर, कानामागचा तीळसुद्धा, जो ती केव्हाच विसरली होती. चार वर्षांत हाल्याचा चेहरा इतका स्पष्ट कधी दिसला नव्हता. आणि दुसरा कुठेच नव्हता. रुमालवाला, चंद्रवाला, कोरफडीचे पान घेऊन धावणारा... सकाळी सहाला, बोरिंगवर, चैत्याने यादीतले नाव वाचले तेव्हाच तो गेला असणार. बारा तास झाले. कोणाला कळलेसुद्धा नाही.

मग रडू आले. तोंडावर पदर दाबूनही थांबेना. खांदे हलू लागले, पिशवी पायावरून खाली घसरली.

म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "कोण गेलं गं तुझं?"

नवरा येतोय, असे सांगायला सुकीने तोंड उघडले. साधे वाक्य होते. दुपारी बाईंना ते सांगूनही झाले होते.

"होता एक," ती म्हणाली.

म्हातारीने टोपली पायाशी घेतली, सुकीला टेकायला जागा केली. चौथी सवारी आली, रिक्षा सुटली. चिकूच्या वाड्या मागे जाऊ लागल्या. हुंदके सरले तसे सुकीला जाणवले, आत जी जागा मोकळी झाली आहे तिथे कोणीतरी आधीपासून बसलेले आहे — ती भीती होती, चार वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी, कोपऱ्यात अंग चोरून. तिला वाटत होते ती केव्हाच गेली. सुकीने तिच्यावरून नजर काढून घेतली नाही. आशागड येईपर्यंत दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.